डोहाळजेवण एका दिवसाचे, काळजी नऊ महिन्यांची

नवरात्रात मत्स्योदरी देवीच्या दर्शनाला अंबडला आलेल्या खेड्यापाड्यांतल्या बायका गडावरून उतरल्या की दवाखान्यात डोकावून जातात. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला चक्कर येते. त्यांच्यात दोन-चार गरोदर लेकी-सुनाही असतात. बरोबरची सासू किंवा आई म्हणते, "साहेब, हिला लई दम लागायलाय. एक शक्तीची बाटली लावा, म्हंजी बरं वाटंल."

वाचकहो, शक्तीची बाटली म्हणून जी लावतात ती सलाईनची बाटली म्हणजे मीठ-साखरेचे पाणी. उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी कमी झाले असेल तर तिचा उपयोग होतो. पण त्या पाण्याने रक्ताचा एक थेंबही वाढत नाही. गरोदर बाईला दम लागतो तेव्हा बहुधा तिच्या रक्तातला लोहाचा साठा संपत आलेला असतो, आणि तो एका दिवसात भरून निघत नाही. त्यासाठी गोळ्या लागतात, ताटात नीट जेवण लागते, आणि घरातल्या माणसांचा हात लागतो. आजचा लेख मुख्यतः या तिसऱ्या गोष्टीविषयी आहे, कारण पहिल्या दोन गोष्टी तिच्यावरच अवलंबून असतात.

आधी माझी एक चूक सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी दोन दिवसांवर आली होती. सातव्या महिन्यातली एक विशीतली सून नवऱ्याबरोबर आली. पाडवा झाला की त्यांची टोळी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात निघणार होती. पापणी खाली ओढून पाहिली तर आत पांढुरके. हिमोग्लोबिन आठच्याही खाली. मी महिनाभराच्या लोहाच्या गोळ्या दिल्या, कागदावर औषधे लिहिली आणि सांगितले, "बाई, विश्रांती घ्या, जड उचलू नका." तिने मान हलवली. नवऱ्याने पैसे दिले. ती दोघे गेली.

चैत्रात टोळी परतली तेव्हा तो नवरा भेटला. गोळ्या महिन्यात संपल्या होत्या, पुढच्या कुणी आणल्या नव्हत्या. आठव्या महिन्यात तिचे डोके दुखू लागले, चेहरा सुजला, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. टोळीतल्यांना वाटले, ऊन लागले असेल. तिसऱ्या दिवशी फडातच झटके आले. दवाखान्यात नेईपर्यंत रात्र झाली. बाई वाचली. बाळ दोन दिवस जगले.

तिला मी पुढे भेटलो. ती रागावली नव्हती. एवढेच म्हणाली, "तुमी इश्रांती घे म्हणले व्हते. खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो. मोळी मी नाही उचलली तर कोण उचलणार व्हतं? ते तुमी त्यांना सांगायला पायजे व्हतं."

'त्यांना' म्हणजे शेजारी बसलेल्या नवऱ्याला. मी सल्ला दिला तो बाईला, आणि तो पाळण्याची सत्ता होती दुसऱ्यांच्या हाती. तेव्हापासून गरोदर बाई आली की तपासणीनंतर मी तिच्याबरोबरच्या माणसाला तीन प्रश्न विचारतो.

पहिला : घरात पाणी कोण आणते?
दुसरा : ही जेवते कधी, सर्वांबरोबर की सर्वांच्या शेवटी?
तिसरा : रात्री-अपरात्री दुखायला लागले तर गाडी कुणाची, पैसे कुठे, बरोबर कोण?

या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या घरात तयार असतात, त्या घरातील बाळंतपणे बहुधा सुखरूप होतात. आता एकेक गोष्ट क्रमाने पाहू.

दिवस मोजणे आणि नाव नोंदवणे

शेवटची पाळी कधी आली असे विचारले की उत्तर येते, "नागपंचमीच्या आधी" किंवा "पोळ्याच्या टायमाला." काही हरकत नाही, पण सण आठवला की कॅलेंडर काढून तारीख लिहून ठेवावी. पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने आणि सात दिवस पुढे मोजले की बाळंतपणाची अंदाजे तारीख निघते. पाळी १० जूनला आली असेल तर तारीख १७ मार्चच्या आसपास. दोन आठवडे मागे-पुढे होणे स्वाभाविक आहे.

पाळी चुकून दीड महिना झाला की गावातील आशाताईंकडे किंवा उपकेंद्रातील नर्सबाईंकडे नाव नोंदवावे. तिसरा महिना उलटू देऊ नये. 'चौथा लागेपर्यंत कुणाला सांगू नये, दृष्ट लागते' असा समज आपल्याकडे आहे. शेजारणींना सांगू नका, पण नर्सबाईंना सांगा. बाळाचे सगळे अवयव या पहिल्या तीन महिन्यांतच घडतात, आणि फोलिक अॅसिडची गोळी खरी कामाची असते ती याच काळात. मूल हवे असे ठरवल्यापासूनच ती सुरू केली तर अधिक चांगले.

नोंदणी झाली की माता व बाल संरक्षण कार्ड मिळते. हे कार्ड रेशनकार्डाइतकेच जपावे.

तपासणी कशाकशाची?

निदान चार तपासण्या व्हायलाच हव्यात : पहिली तीन महिन्यांच्या आत, दुसरी चौथ्या ते सहाव्या महिन्यात, तिसरी सातव्या-आठव्यात आणि चौथी नवव्यात. जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून आठ भेटींचा आग्रह धरते. जितक्या जास्त होतील तितक्या बऱ्या.

प्रत्येक वेळी वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि लघवीतील प्रथिने पाहिली गेली पाहिजेत. रक्तदाब १४०/९० किंवा त्यापुढे गेला, तर बाईला काही त्रास होत नसला तरी ती धोक्यात आहे असे समजावे. वर सांगितलेल्या सुनेला झटके आले ते याच कारणाने. रक्तदाब वाढलेला बाईला कळतच नाही. तो यंत्राने मोजावा लागतो, त्याला दोन मिनिटे लागतात.

याशिवाय एकदा रक्तगट, एचआयव्ही, गुप्तरोग आणि काविळीची तपासणी होते. ग्लुकोजचे पाणी पाजून दोन तासांनी साखर पाहतात. ती १४० किंवा अधिक निघाली तर गरोदरपणातील मधुमेह समजून उपचार करतात. धनुर्वाताची दोन इंजेक्शने चार आठवड्यांच्या अंतराने घ्यावीत. मागचे बाळंतपण तीन वर्षांच्या आत झाले असेल आणि तेव्हा दोन्ही घेतली असतील तर एक पुरते.

सोनोग्राफी पाचव्या महिन्याच्या सुमारास, १८ ते २० आठवड्यांदरम्यान जरूर करावी. बाळात व्यंग नाही ना, हे तेव्हा दिसते. मुलगा की मुलगी हे विचारणे आणि सांगणे दोन्ही गुन्हे आहेत. असा कायदा १९८८ साली प्रथम महाराष्ट्राने केला आणि १९९४ साली तो देशभर झाला. आणि मुलगा होणार की मुलगी, हे ठरते बापाच्या बीजावरून. त्यासाठी सुनेला बोल लावणे हे शास्त्राला धरून नाही आणि माणुसकीलाही नाही.

हे सर्व सरकारी दवाखान्यात मोफत होते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी दवाखान्यांत डॉक्टर स्वतः गरोदर स्त्रियांना तपासतात. २०१६ पासून हा दिवस ठरलेला आहे. घरातील कॅलेंडरवर ९ तारखेभोवती गोल करून ठेवा.

रक्त कमी असणे हा साधा आजार नव्हे

हिमोग्लोबिन गरोदरपणी ११ च्या खाली गेले तर रक्तक्षय समजतात. ७ च्या खाली गेले तर तो तीव्र रक्तक्षय, तेव्हा घरी न थांबता मोठ्या दवाखान्यातच जावे लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. बाळंतपणात थोडा रक्तस्राव प्रत्येकीला होतो. ज्या बाईच्या अंगात रक्ताची शिल्लक आहे ती तो सोसते. जिच्याकडे शिल्लकच नाही, तिचा तेवढ्यानेही जीव जातो.

या आजारावरचा एक मोठा शोध आपल्या मुंबईत लागला, हे पुष्कळांना माहीत नसेल. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईला आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांना एक विशिष्ट प्रकारचा पांडुरोग होऊन त्या दगावत होत्या. विल्सबाईंनी त्यांच्या जेवणाची चौकशी केली. ताटात भाजीपाला, फळे, प्रथिने जवळजवळ नव्हतीच. यीस्टचा अर्क दिल्यावर या स्त्रियांचे रक्त वाढू लागले. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले आणि पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक अॅसिड हे नाव मिळाले. आज आशाताई जी लाल गोळी देतात, तिच्यात लोहाबरोबर हेच फोलिक अॅसिड असते.

ही लाल गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, म्हणजे गरोदरपणात निदान १८० आणि बाळंतपणानंतर आणखी १८०. रक्त कमी असेल तर डॉक्टर रोज दोन घ्यायला सांगतात. गोळीच्या बाबतीत पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नये, लोह अंगी लागत नाही. चहा आणि गोळी यांत निदान एक तास असावा. लिंबूपाण्याबरोबर किंवा मोसंबीबरोबर घेतली तर लोह चांगले शोषले जाते. आपला जालना जिल्हा मोसंबीचा. बागेतली सगळी मोसंबी बाजाराला जाते आणि घरच्या गरोदर सुनेला एक फोड मिळत नाही, असे होऊ नये.

कॅल्शियमची गोळी चौथ्या महिन्यापासून दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नये. तिसरा महिना संपल्यावर जंतांची एक गोळी नर्सबाईंच्या सल्ल्याने घ्यावी.

शौचास काळे होते, त्याला भिऊ नये. गोळीने बाळ काळे होते हा समज निखालस खोटा आहे. माती, खडू, पाटीची पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटणे हे डोहाळे म्हणून हसण्यावारी नेऊ नका. ती बहुधा रक्त कमी असल्याची खूण असते.

ताटात काय असावे?

"जास्त खाल्ले तर बाळ मोठे होईल आणि अडेल," असे सांगून सुनेला कमी जेवू घालणाऱ्या सासवा मी पाहिल्या आहेत. त्यांच्या मनात वाईट नसते. त्यांच्या सासूने त्यांना तेच सांगितलेले असते. पण अर्धपोटी बाईचे बाळंतपण सोपे होत नाही. बाळ तेवढे अशक्त निपजते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. आपल्यासारखीच शेतकरी घरे, तीच भाकरी आणि तीच कामे. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरले. ज्या मातांच्या जेवणात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा होते, त्यांची बाळे वजनाने चांगली निघाली. याचा अर्थ नुसते पोट भरून भागत नाही. भाकरीबरोबर काय आहे, यालाही महत्त्व आहे.

त्यासाठी महागडे डबे विकत आणायला नकोत. ज्वारी-बाजरीची भाकरी, रोज एक पालेभाजी (मेथी, तांदुळजा, चाकवत, शेवग्याचा पाला, शेतातली घोळ, जे मिळेल ते), वाटीभर घट्ट वरण किंवा मटकी-हरभऱ्याची उसळ, मूठभर शेंगदाणे, एक फळ आणि दूध किंवा दही. चालत असेल त्या घरी रोज एक अंडे. माळकरी घरांत अंडी-मटण वर्ज्य असते. तिथे दूध-दह्याला विशेष महत्त्व आहे, कारण बी-१२ हे जीवनसत्त्व पालेभाजीत मिळत नाही. ते दूध, दही, अंडी, मांस यांतूनच मिळते. डेअरीला दूध घालताना घरच्या गरोदर बाईचा पेलाभर वाटा आधी बाजूला काढावा.

'दोन जिवांची म्हणून दुप्पट' खाण्याचीही गरज नाही. चौथ्या महिन्यापासून रोजच्यापेक्षा एक भाकरी, एक वाटी वरण आणि एक पेला दूध जास्त, एवढे पुरे. उलट्या होत असतील तर थोडे थोडे चार-पाच वेळा खावे. पिकलेली पपई प्रमाणात खाल्ल्याने गर्भ पडत नाही. कच्ची मात्र टाळावी. ग्रहणात भाजी चिरल्याने बाळाचे ओठ फाटत नाहीत. त्या दिवशी बाईला उपाशी ठेवणे हेच खरे धोक्याचे.

मिश्रीबद्दल स्पष्ट लिहितो. मिश्री ही तंबाखूच आहे. दात घासण्याच्या निमित्ताने दिवसातून चार वेळा ती तोंडात जाते आणि बाळापर्यंत पोचते. बाळ कमी वजनाचे होणे, दिवस भरण्याआधी होणे, हे तिचे परिणाम आहेत. गरोदरपणात मिश्री पूर्ण बंद हवी. घरातल्या आजीबाईंनीही सुनेसमोर डबी उघडू नये, म्हणजे तिला सोडणे सोपे जाईल.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. यादी कितीही चांगली असली तरी जी सर्वांच्या शेवटी जेवते तिच्या वाट्याला भांड्याच्या तळाचा रस्सा आणि उरलेली भाकरी येते. उपाय बिनपैशाचा आहे : गरोदर बाईचे ताट पहिल्या पंगतीला वाढावे. सासूबाईंनी मनावर घेतले तर हे आज रात्रीपासून होते.

काम किती आणि विश्रांती किती?

गरोदर बाईने नुसते बसून राहावे असे मी म्हणत नाही. स्वयंपाक, झाडलोट, रोजचे चालणे यांनी अंग मोकळे राहते. पण कामात फरक असतो. पुण्याच्या त्याच अभ्यासात स्त्रियांच्या घरच्या आणि शेतातल्या श्रमांचीही मोजदाद झाली. अधिक कष्टाची कामे करणाऱ्या मातांची बाळे तुलनेने लहान निघाली, असे २००३ साली प्रसिद्ध झाले.

पाण्याने भरलेल्या हंड्याचे वजन पंधरा किलोच्या घरात जाते. २०१२-१३ च्या दुष्काळात, मोसंबीच्या बागा वाळल्या तेव्हा, आठवा महिना लागलेल्या बाया टँकरपुढे रांगेत उभ्या असलेल्या मी पाहिल्या आहेत. म्हणून माझा पहिला प्रश्न पाण्याचा. हंडा नवऱ्याने उचलला तर त्याचा मान कमी होत नाही. सायकलला किंवा मोटारसायकलला दोन कॅन अडकवून आणावे. दिराने आणावे. मोळी, पाटी, खताची गोणी यांनाही हाच नियम.

कपाशीवर फवारणी चालू असताना त्या रानात गरोदर बाईने जाऊ नये. फवारणीचे कपडेही तिने धुऊ नयेत. रात्री आठ तास झोप आणि दुपारी दीड-दोन तास आडवे होणे, शक्यतो डाव्या कुशीवर. दुपारी झोपलेल्या सुनेला 'आळशी' म्हणू नये. त्या वेळात तिचे शरीर बाळाचे काम करीत असते.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी

आपल्या भागातली पुष्कळ घरे दिवाळीनंतर चार-पाच महिने कारखान्यांवर असतात. त्यांच्यासाठी वेगळे लिहितो.

रक्त ९ च्या खाली, रक्तदाब वाढलेला, पोटात जुळे, मागचे सीझर, किंवा निघताना सातवा महिना लागलेला, यांपैकी एक जरी गोष्ट असेल तर त्या बाईने जाऊ नये. तिला माहेरी किंवा घरी म्हाताऱ्या माणसांजवळ ठेवावे. याची बोलणी उचल घेण्याआधी करायची असतात. पूर्ण कोयत्याची उचल घेऊन बसल्यावर मुकादम ऐकत नाही. नवऱ्याने अर्ध्या कोयत्यावर जावे किंवा भावाबरोबर जोडी लावावी. पैसे कमी येतील, हे मला कळते. पण झटके आल्यावर गाडी, दवाखाना आणि रक्ताच्या पिशव्या यांवर जो खर्च होतो, तो उचल फेडूनही फिटत नाही. आणि गेलेले माणूस तर कशानेच परत येत नाही.

जाणे भागच असेल तर निघण्यापूर्वी तपासणी करावी. जितके दिवस बाहेर तितक्या लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या आशाताईंकडून मागून घ्याव्यात. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पैशांबरोबर ठेवावे, ते कोपीत भिजू देऊ नये. फडावर पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे ते पाहून यावे आणि तिथल्या आशाताईंना कार्ड दाखवावे. टोळीत एका तरी माणसाला पुढची लक्षणे पाठ हवीत.

ही लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नका

१. अंगावरून रक्त जाणे, थोडे जरी गेले तरी.
२. सतत डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहऱ्यावर व हातांवर सूज.
३. झटके येणे किंवा शुद्ध हरपणे.
४. दिवस भरण्याआधी कळा येणे किंवा पाणी जाणे.
५. बाळाची हालचाल कमी होणे किंवा थांबणे. सातव्या महिन्यापासून रोज तिकडे लक्ष ठेवावे.
६. थंडी वाजून ताप येणे.
७. बसल्या जागी दम लागणे, छातीत धडधडणे.
८. पोटात वरच्या बाजूला किंवा सर्व पोटात असह्य दुखणे.

यांपैकी एक जरी लक्षण असेल तर १०८ ला फोन करावा. अंगारा लावण्यात किंवा बाटली लावण्यात वेळ घालवू नये. घरी झटके आले तर बाईला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा, कांदा किंवा पाणी काहीही घालू नये.

गाडी, पैसे आणि माणूस

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आठवा महिना लागताच घरात ठरलेले असावे. बाळंतपण कुठल्या दवाखान्यात, हे आधी ठरवावे. अवघड असेल तर अंबडहून जालन्याच्या स्त्री रुग्णालयात किंवा पुढे घाटीत जावे लागू शकते, याचीही तयारी ठेवावी. गरोदर मातेला नेण्यासाठी सरकारी १०२ ची गाडी आहे. तरीही गावातल्या एका जीपवाल्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवावा. घरातल्या दोघांचे रक्तगट तपासून ठेवावेत. एका पिशवीत जुनी स्वच्छ सुती लुगडी, बाळाचे कपडे, कार्ड आणि आधारकार्डाची प्रत असावी.

२०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सीझर, औषधे, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी यांचा खर्च बाईकडून घेतला जात नाही. पात्र मातांना प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये, आणि दुसरे अपत्य मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. अंगणवाडीतून गरोदर व स्तनदा मातांना घरी नेण्याचा आहार मिळतो. तो तिच्यासाठी आहे, म्हशीसाठी नाही.

मनाची काळजी

डोहाळजेवणाला हिरवी साडी नेसवून, फुलांचे दागिने घालून आपण बाईचे कौतुक करतो. ही रीत सुंदर आहे. पण दुसऱ्या दिवशी तिचे मन कुणी विचारीत नाही. तिला बाळंतपणाची भीती वाटते, मुलगी झाली तर काय म्हणतील याची धास्ती असते. नवऱ्याने रोज दहा मिनिटे शेजारी बसून बोलावे, तपासणीला स्वतः बरोबर जावे. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणे साधे असते. पण उदासपणा दोन आठवड्यांहून अधिक राहिला, झोप उडाली, बाळाला जवळ घ्यावेसे वाटेना, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येते.

वाचकांचे प्रश्न

लोहाच्या गोळीने मळमळते. बंद करू का?
बंद करू नका. जेवणानंतर किंवा रात्री झोपताना घेऊन पाहा. तरी सोसली नाही तर डॉक्टरांना सांगा. गोळी बदलता येते, इंजेक्शनानेही लोह देता येते.

तारीख उलटली, कळा नाहीत. घरी किती दिवस थांबावे?
थांबू नये. तारीख उलटताच दवाखान्यात जाऊन बाळाचे ठोके तपासून घ्यावेत आणि पुढे डॉक्टर सांगतील तसे करावे.

पहिले सीझर झाले आहे. दुसरे घरी होईल का?
घरी मुळीच नको. काहींचे दुसरे बाळंतपण नैसर्गिक होते, पण ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यातच.

मागच्या दिवाळीत पुन्हा एक जोडपे असेच आले. सातवा महिना, हिमोग्लोबिन साडेआठ. या वेळी मी बाईशी कमी आणि नवऱ्याशी जास्त बोललो. बरोबर त्याची आई होती. तिलाच म्हणालो, "मावशी, हिची मोळी कोण उचलणार?" म्हातारी थोडा वेळ गप्प बसली. मग लेकाला म्हणाली, "तू जा तुझ्या भावासंगं. ही माझ्यापाशी राहील." माघात तिला मुलगी झाली, वजन पावणेतीन किलो. म्हातारीने पेढे आणून दिले.

या आठवड्यात हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाने आपल्या घरातल्या, नाही तर शेजारच्या गरोदर बाईबद्दल ते तीन प्रश्न स्वतःला विचारावेत : पाणी कोण आणते, ती जेवते कधी, गाडी कुणाची. उत्तर नसेल तर ते आजच ठरवावे.

(पुढील आठवड्यात : बाळाचे पहिले सात दिवस)